चित्राखाली लिहिलेले नाव

अभ्यासलेख
वाचन : लूक १६:१९-३१ आणि मत्तय २५:३१-४६



प्रभू येशूने सांगितलेले दाखले आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पेरणारा, हरवलेल्या मेंढराचा मेंढपाळ, उधळ्या मुलगा आणि त्याचा बाप, दयाळू शोमरोनी, दहा कुमारी, द्राक्षमळ्याचा धनी ही सारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. पण यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण प्रभूने ते सांगितलेलेच नाही. आपल्या दाखल्यांतल्या फक्त एका पात्राला प्रभूने नाव दिले. ते पात्र म्हणजे श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरून पडलेला भिकारी. त्याचे नाव लाजर, म्हणजे ‘देव साहाय्य करतो’.

त्या श्रीमंताला मात्र नाव नाही. जांभळी वस्त्रे आहेत, रोजची मेजवानी आहे, पण नाव नाही. आपल्या जगात नेमके उलटे चालते. श्रीमंताचे नाव पाटीवर, पत्रिकेत आणि वर्तमानपत्रात छापून येते. गरिबाची मोजदाद फक्त आकड्यात होते. अपघातात ‘पाच मजूर ठार’ अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. देवाच्या वहीत मात्र त्या मजुराचे नाव आधी लिहिलेले असते, हे या दाखल्यातून प्रभू आपल्याला सांगतो.

हा दाखला नीट समजावा म्हणून आज आपण एका चित्रकाराची ओळख करून घेणार आहोत. ते ख्रिस्ती नव्हते आणि कोणत्याही कलाशाळेत शिकलेले नव्हते. पण भुकेल्या माणसाचे चित्र काढल्यावर त्याचे नावही लिहावे, हे त्यांना कोणी न सांगता उमगले होते. त्यांचे नाव चित्तप्रसाद.

आपणच आपले गुरू

चित्तप्रसाद यांचा जन्म १९१५ साली बंगालमध्ये नैहाटी येथे झाला. त्यांचे कॉलेजचे शिक्षण चितगाव येथे झाले. चितगाव आज बांगलादेशात आहे. १९३० च्या दशकात तेथील तरुण स्वातंत्र्यलढ्याने भारून गेले होते. चित्तप्रसादही त्यात ओढले गेले. शेतकऱ्यांच्या सभा, गावोगावची पदयात्रा आणि त्यासाठी लागणारी भित्तिचित्रे हीच त्यांची कलाशाळा झाली. समोर बसलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला आपले चित्र कळले पाहिजे, ही त्यांची परीक्षा होती. शेतकऱ्याला चित्र कळले नाही, तर चूक चित्रकाराची.

त्यांचे आडनाव भट्टाचार्य होते. ते ऐकताच माणसाची उच्च जात कळते. चित्तप्रसाद यांनी ते टाकून दिले आणि आपल्या चित्रांवर आयुष्यभर केवळ ‘चित्तप्रसाद’ एवढीच सही केली. मोठेपणा देणारा आपल्या नावाचा भाग त्यांनी पुसला. ज्यांना कोणी नावाने हाक मारत नव्हते, त्यांची नावे मात्र जपून लिहिली. त्यांच्या आयुष्याचे सार या दोन गोष्टींत आले आहे.

रंगीत तैलचित्रांच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. काळी शाई, कुंचला आणि कागद एवढेच त्यांचे साहित्य. पुढे त्यांनी लिनोकट हा प्रकार आपलासा केला. यात लिनोलियमच्या तुकड्यावर कोरणीने चित्र कोरतात, त्यावर शाई फिरवतात आणि कागद दाबून छाप घेतात. आपल्याकडे मुले बटाटा कापून त्याचे ठसे उमटवतात, तशीच ही रीत. एका ठशावरून अनेक प्रती निघतात आणि खर्च कमी येतो. एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात लटकणाऱ्या चित्रापेक्षा पुष्कळांच्या हाती जाणारे चित्र त्यांना हवे होते.

१९४३ चा बंगाल

चित्तप्रसाद यांच्या चित्रांचे मोल कळण्यासाठी त्या वर्षी काय घडले, ते थोडक्यात पाहू.

दुसरे महायुद्ध चालू होते. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानात येणे बंद झाले. ज्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले आणि जो १९१६ मध्ये इथेच वारला, त्याच देशाच्या भातावर बंगालमधील पुष्कळ गरीब तग धरून होते. जपानी सैन्य समुद्रमार्गे बंगालमध्ये उतरेल या भीतीने सरकारने किनाऱ्यावरील जिल्ह्यांतला जादा तांदूळ हलवला. तेथील हजारो होड्या जप्त केल्या किंवा मोडून टाकल्या. होडी गेली म्हणजे काय गेले, हे मिरकरवाड्याच्या बंदरावर उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मासेमारी गेली, बाजाराला जायची वाट गेली, नदीपलीकडच्या शेतावर जाणेही बंद झाले.

त्यातच ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यावर मोठे चक्रीवादळ आले. समुद्र आत घुसला. उभे पीक, गुरे आणि माणसे वाहून गेली. उरलेल्या भातावर रोग पडला. युद्धामुळे महागाई भडकली आणि साठेबाजांनी धान्य दडवले. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की केवळ धान्य कमी पडले म्हणून ही माणसे मेली नाहीत. धान्य विकत घेण्याची ताकद शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांच्यात उरली नव्हती, म्हणून ती मेली. मृतांचा आकडा सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख धरला. पुढच्या अनेक अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास असल्याचे मानले.

धान्य होते, पण ते लाजरापर्यंत पोहोचत नव्हते. श्रीमंताच्या मेजावरून पडणारे तुकडे लाजराला मिळत नव्हते, हे शुभवर्तमानातले वर्णन आठवा.

त्याच काळात कोलकात्यातील एंटाली भागातल्या सेंट मेरीज शाळेत लोरेटो संघाची एक धर्मभगिनी मुलींना शिकवत होती. शहराच्या रस्त्यांवर भुकेने माणसे मरत होती. पुढे १० सप्टेंबर १९४६ रोजी आगगाडीच्या प्रवासात त्या भगिनीला गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक ऐकू आली. आज आपण त्यांना कोलकात्याच्या संत तेरेसा म्हणून ओळखतो. चित्रकार आणि धर्मभगिनी यांचे मार्ग निराळे होते. पण दोघांसमोर एकच भूक होती, आणि दोघांनीही मान फिरवली नाही.

पायी हिंडून काढलेली चित्रे

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले. खांद्याला पिशवी आणि हातात वही घेऊन ते गावोगाव गेले. उपासमारीने खंगलेली माणसे, घर सोडून निघालेली कुटुंबे, अनाथ झालेली पोरे त्यांनी समोर बसून रेखाटली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्यांनी नुसती चित्रे काढली नाहीत. ते माणसांशी बोलले. कित्येक चित्रांखाली त्यांनी त्या माणसाचे नाव लिहिले, गाव लिहिले, त्याच्या घरादाराचे काय झाले ते लिहिले. ‘एक भिकारी’ किंवा ‘दुष्काळग्रस्त स्त्री’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या स्त्रीला नाव होते. वर्षापूर्वी तिला घर होते, चूल होती, शेजार होता. ती जन्माने भिकारी नव्हती, तिला भिकारी करण्यात आले होते. एका नावाने हे सारे उघड होते.

नाव विचारायला वेळ लागतो. नाव विचारायचे तर खाली बसावे लागते आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते. पळत पळत कोणी कोणाचे नाव विचारत नाही. दयेची पहिली पायरी हीच आहे. आधी थांबायचे, मग पाहायचे, मग विचारायचे. दाखल्यातला दयाळू शोमरोनीही आधी थांबला आणि त्याने पाहिले. याजक आणि लेवी यांनीही पाहिले होते, पण ते थांबले नाहीत.

या फेरीतील चित्रे आणि हकिगत मिळून ‘हंग्री बेंगॉल’ म्हणजे ‘भुकेला बंगाल’ या नावाची छोटी पुस्तिका निघाली. इंग्रज सरकारला ती सहन झाली नाही. तिच्या प्रती जप्त करून जाळण्यात आल्या. एक प्रत मात्र कुटुंबीयांनी जपून ठेवली. तिच्यावरून २०११ मध्ये ती पुस्तिका जशीच्या तशी पुन्हा छापली गेली. नावे लिहिलेला कागद जाळता आला, पण नावे पुसता आली नाहीत.

चित्रांचा उपयोग काय?

एखादा भाविक विचारील, की या चित्रांनी किती जणांचे प्राण वाचले? प्रश्न रास्त आहे. चित्राने भात शिजत नाही. अन्नछत्रे चालवणाऱ्या, औषधे वाटणाऱ्या माणसांचे काम चित्रकार करू शकत नाही. आणि चित्तप्रसाद यांनीही तसा दावा कधी केला नाही.

पण अन्नछत्र उघडण्यापूर्वी कोणालातरी भूक दिसावी लागते. दुष्काळ आहे हे मान्य करायलाच सरकारने टाळाटाळ केली. अशा वेळी ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याने साक्ष देणे, ही मोठी सेवा ठरते. साक्ष हा शब्द आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी आहे. प्रेषितांनी जे पाहिले आणि ऐकले, त्याचीच साक्ष दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या पुनरुत्थान सणाला जगातील कलावंतांना एक पत्र लिहिले. कलावंताला मिळालेली देणगी ही केवळ त्याच्या स्वतःसाठी नसून इतरांच्या सेवेसाठी आहे, असा त्याचा आशय आहे.

अंधेरीचे दिवस आणि कामाला जुंपलेली मुले

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहू लागले. पुढची तीसएक वर्षे त्यांचे बिऱ्हाड अंधेरीला होते. रत्नागिरीची कितीतरी कुटुंबे ज्या मुंबईत पोटासाठी गेली, तीच ही मुंबई. प्रदर्शने भरवून चित्रे विकण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. त्यामुळे ते ओढगस्तीतच राहिले. आजूबाजूच्या गरीब मुलांसाठी त्यांनी कळसूत्री बाहुल्या तयार केल्या आणि त्यांचे खेळ केले. १९७८ मध्ये कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या काळातच त्यांनी लहान मुलांवर लिनोकटची एक मालिका केली. ही मुले शाळेत नाहीत. ती काम करतात, ओझी उचलतात, लहान भावंडांना सांभाळतात, थकून उघड्यावर झोपतात. १९६९ मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने ही चित्रे पुस्तकरूपाने छापली. ज्या देवदूतांना परीकथा ऐकायला मिळत नाहीत ती ही मुले, अशा अर्थाचे नाव त्या पुस्तकाला दिले आहे. नाव ख्रिस्ती कानांना ओळखीचे वाटते. लहानांना तुच्छ मानू नका, त्यांचे देवदूत स्वर्गात पित्याचे मुख नित्य पाहतात, असे प्रभूने बजावल्याचे मत्तयने नोंदले आहे (मत्तय १८:१०).

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत स्पष्ट आहे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयी ‘रेरुम नोव्हारुम’ हे पत्र लिहिले. शरीराची आणि मनाची पुरेशी वाढ झाल्याशिवाय मुलांना कारखान्यात घालू नये, कोवळ्या रोपावर अकाली आघात झाला तर ते खुरटते, असे त्यांनी त्यात सांगितले. त्याच परंपरेची आठवण ठेवून २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव धारण केले.

पण ते तर कम्युनिस्ट होते!

होय. दुष्काळाच्या काळात चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षाचे काम करत होते आणि त्यांची चित्रे पक्षाच्या पत्रांतून छापली जात. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते पक्षापासून दूर झाले. देवाला नाकारणाऱ्या साम्यवादी विचाराचा ख्रिस्तसभेने स्पष्ट निषेध केला आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३७ मध्येच तसे पत्र काढले होते.

मग अशा माणसाकडून आपण काही शिकावे का? याचे उत्तर पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ मध्ये ‘पाचेम इन तेरिस’ या पत्रात दिले आहे. चुकीचा विचार आणि तो विचार बाळगणारा माणूस यांत फरक केला पाहिजे, माणूस म्हणून त्याची प्रतिष्ठा कधीच नाहीशी होत नाही, अशी त्यांची शिकवण आहे. प्रभूनेही शेजारप्रेमाचा धडा द्यायला याजक निवडला नाही, शोमरोनी निवडला. आणि शेवटच्या न्यायाच्या वर्णनात उजवीकडे उभे असलेले लोक आश्चर्याने विचारतात, की प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिले? आपण कोणाची सेवा केली, हे त्यांना माहीतही नव्हते.

श्रीमंतालाही नाव ठाऊक होते

आता पुन्हा दाखल्याकडे वळू. त्यात एक बारकावा आहे. मृत्यूनंतर यातना भोगताना तो श्रीमंत अब्राहामाला विनवतो, की लाजराला पाठवा, त्याला बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू द्या. म्हणजे दारातल्या भिकाऱ्याचे नाव त्याला ठाऊक होते! रोज येताजाता त्याने ते ऐकले होते. आणि अजूनही त्याला वाटते, की लाजर म्हणजे आपल्या कामासाठी पाठवायचा माणूस.

यावरून कळते, की नुसते नाव माहीत असणे पुरेसे नाही. नाव दोन प्रकारे घेता येते. काम सांगण्यासाठी नावाने हाक मारता येते, आणि ख्यालीखुशाली विचारण्यासाठीही हाक मारता येते. श्रीमंताने पहिल्या प्रकारे नाव घेतले. चित्तप्रसाद यांनी ते दुसऱ्या प्रकारे लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या प्रायश्चित्तकाळाच्या संदेशासाठी हाच दाखला निवडला होता. दाराशी आलेला माणूस ही अडगळ नसून देवाने पाठवलेली देणगी आहे, असा त्याचा रोख होता.

तो श्रीमंत क्रूर होता असे शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही. त्याने लाजराला मारले नाही, हाकलले नाही. त्याने फक्त त्याच्याकडे पाहण्याचे सोडून दिले होते. दार तेच, पायरी तीच आणि पायरीवरचा माणूसही तोच. सवय झाली की डोळे असून दिसत नाही.

आपल्या दाराशी कोण आहे?

रत्नागिरीतही लाजर आहे. आंब्याच्या बागांत राखण करणारे, मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून राबणारे किती नेपाळी बांधव आपल्याकडे आहेत! त्यांना आपण ‘नेपाळी’ किंवा ‘गुरखा’ एवढेच म्हणतो. रस्त्याच्या आणि इमारतींच्या कामावर कर्नाटकातून आलेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले वाळूच्या ढिगावर खेळतात, आणि जरा मोठी झाली की घमेले उचलतात. आपण म्हणतो, ‘कामगारांची पोरे’. त्यांना नाव आहे. ते आपण विचारले आहे का?

या मुलांसाठी कायदा आहे, तो आपल्याला माहीत असावा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मूल कधीच शाळेत गेले नसले, तरी त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात त्याला घ्यावे लागते. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे गुन्हा आहे. शाळा सांभाळून घरच्या कामात मदत करणे एवढाच मुख्य अपवाद आहे. १४ ते १८ वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि तो फिरवायला पैसे पडत नाहीत. एखाद्या आईबापाला हे समजावून सांगणे आणि त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जाणे, हे कोणीही करू शकतो.

आणखी एक गोष्ट. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. धान्य वाटताना, ब्लँकेट देताना आपण फोटो काढतो. त्या फोटोत देणारे हसत उभे असतात आणि घेणारा खाली मान घालून असतो. देणाऱ्यांची नावे खाली छापली जातात, घेणाऱ्याचे नाव कोणी विचारलेले नसते. चित्तप्रसाद यांच्या चित्रांत ते स्वतः कुठेच नाहीत. समोरचा माणूस पूर्ण कागदभर आहे. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण या दोन चित्रांच्या शेजारी ठेवून पाहावी.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरी, बागेत किंवा दुकानात काम करणाऱ्या व्यक्तींची पूर्ण नावे आपल्याला ठाऊक आहेत का? त्यांचे गाव कोणते, मुले किती?
२. त्या श्रीमंताचे नेमके पाप कोणते, असे तुम्हाला वाटते?
३. चित्तप्रसाद यांनी जात दाखवणारे आडनाव टाकले. आपल्या ख्रिस्ती समाजात आडनाव, गाव किंवा भाषा यांवरून माणसाची किंमत ठरवली जाते का?
४. मदत करताना फोटो काढण्याविषयी आपल्या धर्मग्रामात काय पथ्य पाळावे?

या आठवड्याचा संकल्प

रोज दिसणाऱ्या पण अनोळखी राहिलेल्या एका माणसाजवळ थांबू, त्याचे नाव विचारू आणि रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते नाव घेऊ. धर्मशिक्षणवर्गातील मुलांनी आपल्या परिसरात कष्ट करणाऱ्या एका व्यक्तीला विचारून तिचे चित्र काढावे आणि खाली तिचे नाव लिहावे. चित्र चांगले आले नाही तरी चालेल, नाव मात्र अचूक हवे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. आमच्या दाराशी बसलेल्या तुझ्या लेकरांवरून आमची नजर घसरते. आम्हाला थांबायला शिकव, पाहायला शिकव आणि विचारायला शिकव. कामाला जुंपलेल्या मुलांना शाळेची वाट मिळू दे आणि ती दाखवायला आमचे हात उपयोगी पडू देत. भुकेने आणि उपेक्षेने मेलेल्या, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या सर्वांना तुझ्या राज्यात चिरशांती दे. आमेन.